माइकवाल्याच्या कानी पडलेला वेदान्त

माइकवाल्याकडे कोणी पाहत नाही. पाहिलं तर समजावं, काहीतरी बिघडलं. कार्यक्रम नीट चालला असला की लोक स्टेजकडे बघतात, आणि आवाज गेला की सगळी मुंडकी एकदम मागे वळतात, जशी काही विजेची तार मीच चावून खाल्ली. उभ्या आयुष्यात लोकांनी माझं तोंड पाहिलं ते असंच, रागारागाने. त्यामुळे या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर मला प्रश्न पडला. जे चांगलं चाललं त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. म्हणून जे बिघडलं तेच लिहितो.

मी श्रावण, सिंदी रेल्वेचा. शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या मास्तराशी पटलं नाही, आणि पटवून घेणं माझ्या स्वभावात नाही. छापणाऱ्यांना एकच अट घातली आहे, माझी बोली मधे मधे शिरली तर ती सुधारू नका. लग्न, बारसं, मयतीनंतरचं भजन, निवडणुकीची सभा, जयंतीची मिरवणूक, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, सगळीकडे माझा भोंगा वाजला. सेलू तालुक्यात असं गाव दाखवा जिथल्या निंबाच्या झाडावर मी चढलो नाही.

धंदा सांगतो. माइक बोलणाऱ्याचं ऐकतो, मशीन त्याला मोठं करते, भोंगा ते लोकांना सांगतो. एवढंच. पण यात एक खोड आहे. भोंग्यातून निघालेला आवाज फिरून परत माइकात शिरला, की माइक स्वतःचंच ऐकायला लागतो. ऐकलेलं पुन्हा मोठं होतं, पुन्हा शिरतं, पुन्हा मोठं होतं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत मशीन किंचाळते. आम्ही त्याला शिट्टी म्हणतो. माणसाला वाटतं माइक खराब आहे. माइक खराब नसतो, जागा चुकलेली असते. म्हणून माइकवाल्याचं खरं काम खटका दाबायचं नाही. शिट्टी यायच्या आधी ती ओळखायची आणि कान फिरवायचा. मशीनच्या गोल बटनाला आम्ही कान म्हणतो. शिट्टी येणार असली की आधी आवाजाला एक धार चढते, पातळ, विळ्यासारखी. ती ज्याला ऐकू येते तो माइकवाला. बाकीचे हमाल.

माझ्या कार्यक्रमात शिट्टी होत नसे. हा गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

आता देवळाचं. आम्ही बौद्ध. बापाने दीक्षा घेतली, घरातले जुने देव नदीला दिले, आणि त्यानंतर आमच्या घरात पोथीचा वारा नाही. पण धंदा धंद्याच्या जागी. एका गावच्या देवळात सप्ताहाचं काम असायचं. तिथले पुजारीबुवा माइक उंबऱ्यावरून हातात घेत आणि स्वतः आत नेऊन लावत. मशीन आणि मी बाहेर, निंबाखाली. बुवांना माइक लावता येत नसे. ते तो आरतीच्या ताटासारखा धरत. मी बाहेरून ओरडायचो, "बुवा, तोंड तिकडं करा!" आणि बुवा स्वतःचं तोंड फिरवायचे. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. वायर फार लागायची, म्हणून सांगतो. पुढे पुजारी बदलला, जुन्या बुवांचा पोरगा पुण्याला कंपनीत गेला, आणि नवे पुजारी मला आत या म्हणू लागले. तोवर मला बाहेरच्या निंबाची सवय झाली होती. मी आत गेलो नाही.

वर्ध्याला दरवर्षी थंडीत माईंची प्रवचनं असतात. माई म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेल्या संस्कृतच्या बाई. लहानखुऱ्या, आवाज बारीक, चालणं तुरुतुरु. एका मंगल कार्यालयात सात दिवस संध्याकाळी त्या वेदान्त सांगतात. विषय एकच, ब्रह्म आणि आपण वेगळे नाही. कीर्तनात गोष्ट असते, टाळ असतो, हसणं असतं, तिथे माझा वेळ जायचा. इथे काहीच नाही. बाई नुसत्या बोलतात आणि लोक माना डोलवतात. पहिल्या वर्षी मी मनात म्हटलं, बाप्पा, हे सात दिवस काढायचे कसे?

पण माइकवाल्याला झोपता येत नाही. गाणं असलं तर एकदा मशीन लावून बिडी प्यायला जाता येतं. बारीक आवाजाच्या बाईला सोडून जाता येत नाही. मान वळवली की आवाज गेला. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून बसावं लागतं. असा मी नाइलाजाने वेदान्त ऐकला. श्रद्धा वगैरे काही नाही, आवाज पडू नये म्हणून.

बोलणं सुरू करायच्या आधी माई माइक चाचपत आणि मागे माझ्याकडे पाहून विचारत, "आवाज येतो का?" मी हात वर करायचा. मग त्या डोळे मिटून आपल्या गुरूंचं नाव घेत आणि कानाच्या पाळीला हात लावत. समोरचे लोकही कानाला हात लावत. गुरूचं नाव घेतलं की असं करतात हे मला तिथे कळलं. आमच्यात तसं नाही. मी बघून ठेवलं, ज्याचा रिवाज त्याचा आपण मान ठेवावा.

पहिल्याच वर्षी त्यांनी दोरीचं सांगितलं. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला वाटतं साप आहे. भितो, घाम फुटतो. दिवा आणला की साप नाहीच, दोरीच होती. तसं हे जग. मला राहवलं नाही. कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "माई, एक सांगू का?"

"सांगा ना श्रावणभाऊ."

"हिंगणीकडल्या एका लग्नात माही काळी वायर मांडवामागं पडली होती. दिवस बुडालता. नवरदेवाच्या मामानं साप समजून थिले काठीनं हाणहाण हाणली. चार तुकडे. वरात मुकीच निघाली असती, बँडवाला होता म्हणून इज्जत राह्यली. आता तुमी म्हणता साप नव्हता. कबूल. पण वायर तुटली ते तं खरं ना?"

माई हसल्या. मला वाटलं जिंकलो. त्या म्हणाल्या, "वायर तुटली, भाऊ. पण मामांनी एवढं मारून साप मेला का?"

मी घरी येईपर्यंत एसटीत त्याचाच विचार करत होतो. साप मेला नाही, कारण नव्हताच. मार बसला तो भलत्यालाच. अशी किती मारामारी मी स्वतः केली असेल हा हिशेब मनात सुरू झाला, तो मी मुद्दाम बंद केला.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी त्यांना शिट्टीचं सांगितलं, माइक स्वतःचंच ऐकत राहिला की किंचाळतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी ते प्रवचनात घातलं. माणसाचा 'मी' असाच ओरडतो म्हणाल्या. लोकांनी वा वा केलं. माझं नाव घेतलं नाही. मी रागाने आवाज थोडा उतरवला. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "हे मला आपल्या माइकवाल्या श्रावणभाऊंनी शिकवलं." सगळी मुंडकी मागे वळली. बिघाड नसताना वळली ती ही पहिलीच वेळ.

गावात याची चर्चा होणारच. देवराव माझा जुना दोस्त, रेल्वेत गँगमन होता, आता आमच्या विहाराचं सगळं तोच पाहतो. चहाच्या टपरीवर त्याने मला धरलं.

"का बे श्रावण्या, म्हातारपणी पोथी ऐकून राह्यला म्हणे?"

"कामावर असतो भौ. कानात बोळे घालून बसू का?"

"मंग काय सांगते ते बाई?"

"म्हणते, आत्मा एकच हाय. तुह्यात हाय थोच माह्यात हाय."

"आपल्यात आत्माच नाई सांगतला," देवराव म्हणाला. "तुह्यातही नाई न् माह्यातही नाई. बशी दे इकडं."

"मंग तरी सारखेच झालो ना बे दोघं?"

देवराव चहा ओतता ओतता थांबला. "तू फार वाद घालून राह्यला आजकाल," म्हणाला. "हे त्या बाईचं पाणी लागलं तुले." पण त्याने विषय सोडला नाही. दर आठवड्याला विचारायचा, आता काय म्हणते? मी सांगायचो, तो खोडून काढायचा. मी माळ घातली नाही, पोथी विकत घेतली नाही. सकाळी त्रिशरण म्हणत होतो, आजही तेच म्हणतो. पण एक गोष्ट डोक्यात बसली होती. माई म्हणत, डोळ्याला दिसतं, पण डोळ्याला दिसतं हे कोणाला कळतं? कानाला ऐकू येतं, पण कानामागे बसून ते ऐकणारा कोण? मला हे सोपं वाटलं. माइक, मशीन, भोंगा एवढं सगळं लावलं, तरी कोणीतरी ऐकणारा पाहिजे. तो नसला तर भोंगा कोणासाठी? तेव्हा माझा कान चांगला होता, म्हणून सोपं वाटलं.

कान कसा जातो ते सांगतो. एकदम जात नाही. आधी वरचं जातं. रातकिडे गेले, मला वाटलं फवारणीने मेले. मग चिमण्या गेल्या, त्या तर सगळीकडूनच गेल्या म्हणतात. मग कुकर. बायको बाहेरून ओरडत यायची, "कुकरच्या जवळ बसून डाळ जाळली, का झोपले होते?" मी म्हणायचो, शिट्टीच झाली नाही, रबर बदल. तिने रबर बदललं. डाळ पुन्हा लागली. भोंग्याच्या तोंडाशी इतकी वर्षं बसलेला माणूस, त्याचं दुसरं काय होणार? माझा मुलगा प्रवीण, तोच आता धंदा पाहतो, मला नागपूरला डॉक्टरकडे नेऊ म्हणाला. कानात घालायची मशीन मिळते म्हणाला. मी म्हटलं, "साऱ्या तालुक्याले मी आवाज देल्ला. मले कोण देते आवाज?" विषय संपला.

पोरगा हुशार आहे. जुनी मशीन जाऊन आमच्याकडे खटक्यांचा मोठा फळा आला, तो त्याला मिक्सर म्हणतो. घरात आधीच एक मिक्सर आहे चटणीचा, त्यावरून बायकोचा गोंधळ होतो. लग्नाची, डीजेची कामं त्याने घेतली. मी एकच काम सोडलं नव्हतं, माईंचं. तिथे फळ्यावर मीच बसणार. प्रवीण म्हणायचा, "बाबा, मी बाजूले बसतो नुसता." मी म्हणायचो, बस, हात लावू नको. सुया बघून, दिवे बघून, लोकांची तोंडं बघून मी चालवत होतो. माई कधी ऐकू येत, कधी नुसते ओठ दिसत. बोलणं मला आता ओळखीचं झालं होतं, ओठांवरूनही कळे. कोणाला पत्ता नव्हता. मला होता. पण मला होता हे मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

मग ते झालं. त्या वर्षी बिनवायरचा माइक आणला होता. एका म्हातारीने मधेच काही विचारलं, तिचा आवाज कोणाला जाईना, म्हणून माई माइक घेऊन स्टेजवरून उतरल्या आणि तिच्याकडे चालत गेल्या. जाता जाता गुरूंचं काहीतरी म्हणत होत्या, तेवढं ओठांवरून कळलं. त्या बरोबर खोक्याच्या, म्हणजे भोंग्याच्या जागी आता जो चौकोनी डबा आला त्याच्या, तोंडासमोर उभ्या राहिल्या. माइकवाल्याचा पहिला धडा, खोक्याच्या पुढे माइक येऊ द्यायचा नाही. आला तर त्याच क्षणी कान खाली.

मी लोकांकडे पाहिलं. सगळ्यांनी कानाला हात लावले होते. पुढची रांग, मागची रांग, बायका, पोरं, सगळे. मला वाटलं, गुरूंचं नाव घेतलं. आज फारच भक्तिभावाने घेतलं. आणि ज्याचा रिवाज त्याचा मान, म्हणून मीही फळ्यावर बसून, मान खाली घालून, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

प्रवीण माझ्या अंगावरून झेपावला आणि त्याने खटका पाडला.

मी त्याच्यावर भडकलो. "हात कायले लावला बे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ते बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "बाबा, शिट्टी होती."

"कोनती शिट्टी?"

सगळी मुंडकी मागे वळलेली होती. ती लोकांची तोंडं मी आयुष्यभर पाहिली आहेत, पण त्या दिवशी त्यांच्यावर राग नव्हता. माझे हात अजून कानालाच होते. त्यांनी ते पाहिलं होतं, आणि त्यांना समजलं होतं.

उरलेलं प्रवचन प्रवीणने चालवलं. मी उठलो नाही. उठून जाणं म्हणजे कबूल करणं.

संपल्यावर मी वायर गुंडाळत बसलो. बिनवायरच्या जमान्यातही गुंडाळायला काहीतरी उरतंच. माई जवळ येऊन खाली बसल्या, सतरंजीवर, समोरासमोर, म्हणजे मला ओठ दिसावे. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

मी म्हटलं, "माई, मले शिट्टी ऐकू आली नाई."

त्या म्हणाल्या, "ऐकू आली नाही हे तुम्हाला कळलं ना, श्रावणभाऊ? ज्याला कळलं, तो काही बहिरा नाही."

त्यांनी सांगितलेलं सगळं एवढ्यात होतं. इतक्या वर्षांच्या थंडीत जे नाइलाजाने ऐकलं, ते एका वाक्यात समोर ठेवलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. खोटं नव्हतं. पण मी धंद्याचा माणूस.

"थो बहिरा नसन, कबूल," मी म्हटलं. "पण त्याले फळ्यावर बसवता येते का?"

मला वाटलं आता माई काही दृष्टान्त देतील, घट, आकाश, सोनं, दागिना. त्या म्हणाल्या, "नाही."

त्या 'नाही'बद्दल मी त्यांना मानतो. दुसरं कोणी असतं तर गोड बोललं असतं.

पण ऐकलं आणि सोडलं असं होत नाही. वर्षभर मी घरात कुरकुरलो. प्रवीणने केलेल्या प्रत्येक कामात खोट काढली, जी मला ऐकूही येत नव्हती. "काल त्या सभेत आवाज फाटत होता," मी म्हणायचो. "तुमी घरीच होते ना बाबा," तो म्हणायचा. नातवंडांनी टीव्ही लावला की मला सिनेमा मुका दिसे. रिकामा बसलो की कानात एक सूं आवाज येतो, बाहेर काही नसताना. आता तो कायमचा आहे. त्याला मशीन नाही, भोंगा नाही, वायर नाही, आणि तरी मी ऐकतो. मग मी बसून शोधायला लागलो. रातकिडे गेले, चिमण्या गेल्या, कुकर गेला, शिट्टी गेली. मग जो गेला नाही तो कुठे आहे? एवढं गेल्यावर मी कुठून तरी कमी झालो असेन ना? कुठून झालो ते सापडेना. हात तसेच, राग तसाच, गर्व तर तसूभर हलला नाही.

देवरावला हे टपरीवर सांगितलं. आता तो माझ्या कानाशी येऊन बोलतो, साऱ्या टपरीला ऐकू जातं.

"मंग सापडला का कोनी आत?"

"नाई सापडला."

"पाह्य! आपल्याच म्हनन्यावर आला तू!"

"माईले विचारलं तं थे म्हनन, तिच्या म्हनन्यावर आलो."

"मंग विचारूच तिले," देवराव म्हणाला. "या वक्ती मी येतो संग. पाहू काय सांगते."

असे आम्ही दोघं गेलो. थंडी पडली होती, प्रवीणने सकाळीच सामान नेलं होतं. जाऊ की नको हे मी एसटी सुटेपर्यंत ठरवलं नव्हतं. जाऊन कुठे बसायचं हा प्रश्न होता. ज्या हॉलमध्ये आपण फळ्यावर बसलो, तिथे सतरंजीवर बसायचं म्हणजे काय असतं ते मास्तरकी सोडलेल्याला विचारा. प्रवीणने मला पाहिलं, उठला आणि खुर्ची रिकामी केली. एकदम. मी बसलो असतो तर त्याने बसू दिलं असतं, आणि पुन्हा बाजूला बसून राहिला असता, हात तयार ठेवून. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला. मग म्हटलं, "खोका बोटभर मांगं घे. माई खाली उतरते." आणि जाऊन सतरंजीवर बसलो, देवरावच्या शेजारी.

माई आल्या. माइक चाचपला. समोर इतके लोक, फळ्यावर प्रवीण, पण त्यांची नजर फळ्याकडे गेली नाही. सवयीने मला शोधत फिरली आणि सतरंजीवर येऊन थांबली. ओठ हलले. ते दोन-तीन शब्द मी कितीतरी वर्षं पाहिले होते, ऐकायची गरज नव्हती.

"आवाज येतो का?"

मुंडकी वळली. देवरावने कोपराने ढोसलं, त्याला वाटलं मला कळलं नाही. माझा हात आपोआप वर निघाला होता, इतक्या वर्षांचा हात तो. अर्ध्यावर मी त्याला थांबवला आणि मांडीवर ठेवला.

"नाई येत, माई," मी म्हटलं. "तुमी बोला."